बर्फाखालचं रान : उत्तर फिनलंडमध्ये स्नोशूवर एक दिवस

इवालो हे फिनलंडचं सगळ्यात उत्तरेकडचं विमानतळ. तिथून दक्षिणेला तासाभराच्या आत कीलोपॅ येतं. याच नावाचा ५४६ मीटर उंचीचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानात शिरायची वाट. १९५६ ते १९८२ अशी सव्वीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या केक्कोनेन यांना लॅपलंडमध्ये, म्हणजे याच उत्तरेकडच्या प्रदेशात, स्कीवरून भटकायची फार आवड. १९८३मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानाला त्यांचंच नाव दिलं आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्याला ५४६ मीटर किरकोळ वाटतील, पण आर्क्टिक वृत्ताच्या दोनेकशे किलोमीटर उत्तरेला थोडं वर चढलं की झाडं संपतात आणि पुढे नुसता वारा असतो.

फेब्रुवारीतली सकाळ, तापमान उणे १७. निघण्याआधी गाइडनं प्रत्येकाचे कपडे तपासले. अंगालगत लोकर, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट आणि सुती काहीही नाही. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलं की तोच घाम माणसाला गारठवतो. ‘आत्ता थोडी थंडी वाजतेय ना? मग बरोबर आहे,’ ती म्हणाली. दिवसभर तिनं आमची चाल मुद्दाम संथ ठेवली, तीही याच कारणानं.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायचा लांबट, रुंद सांगाडा. खाली पोलादी दात, टाच मोकळी, आणि चढावर टाचेला आधार द्यायला उचलता येणारी एक तार. पाय जरा फाकवून टाकायचे, मागे पाऊल घ्यायचं नाही, वळायचं तर गोल फिरून. पाचेक मिनिटांत जमतं. या सांगाड्याची किंमत कळावी म्हणून गाइडनं एक स्नोशू काढून वाटेच्या कडेला पाय ठेवला, तो मांडीपर्यंत आत गेला.

खरा दिवस सुरू झाला तो मळलेली वाट सोडल्यावर. स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या, झाडांवर बर्फ नुसता पडलेला नसतो. ढगातले अतिथंड थेंब फांदीला लागताच गोठतात, त्यावर हिम साचतं, असे थरांवर थर चढत जातात. एकेका झाडावरचं ओझं टनांत जाऊ शकतं. म्हणून इथली स्प्रूस अंगानं अरुंद, फांद्या खाली झुकलेल्या. पसरट झाड इथे मोडून पडलं असतं. मधेच एखादा केलो दिसतो, म्हणजे उभ्या उभ्या वाळलेला, रुपेरी पडलेला पाइन. मेल्यावरही ही झाडं शेकडो वर्षं उभी राहू शकतात.

एका उतारावर गाइड थांबली. बर्फात मुठीपेक्षा थोडं मोठं भोक, त्यापासून हातभर अंतरावर फुटलेला खळगा आणि दोन्ही बाजूंना पंखांच्या पिसांचे ठसे, इतके स्पष्ट की एकेक पीस मोजता यावं. रिएक्को नावाचा पांढरा रानकोंबडा रात्री बर्फात बीळ करून झोपतो आणि सकाळी वरचं छत फोडून उडतो. तिनं शेजारीच फावड्यानं जमिनीपर्यंत खणलं आणि तळाशी थर्मामीटर ठेवला. वर उणे १७, खाली उणे २! बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून तो जमिनीवर गोधडीसारखा काम करतो. तळाशी सुटा, दाणेदार बर्फ होता आणि त्यात लिंगनबेरी या रानबेरीच्या झुडपाची पानं चक्क हिरवीगार. मी हातमोजा काढून एक पान चाचपलं. या थरात उंदरांसारखे छोटे प्राणी हिवाळाभर हिंडत असतात आणि कोल्हा वरून कान देऊन त्यांचा माग काढतो. ज्या रानाला मी सकाळपासून निर्जन समजत होते, त्याची वर्दळ माझ्या पावलांखाली चालू होती.

पुढे रेनडिअर भेटली. चालताना त्यांच्या पायातून टिक्‌ टिक्‌ असा आवाज येतो. तो कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्यांचा, खुरांचा नव्हे. इथली प्रत्येक रेनडिअर कुणाच्या तरी मालकीची असते, कानाला दिलेल्या कापांवरून मालक ओळखतात. नरांची शिंगं हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात, त्यामुळे फेब्रुवारीत शिंगं मिरवणाऱ्या बहुतेक माद्याच. त्या पुढच्या खुरांनी बर्फ उकरून खालचं दगडफूल खात होत्या. हिवाळ्यात अवेळी पाऊस पडला की तो गोठून कडक थर बसतो, खुरांना तो फुटत नाही आणि अन्न डोळ्यांआड बंद होतं. अशा वेळी जुन्या झाडांवर लोंबणारं काळसर दगडफूल त्यांना तारतं, नाहीतर मालकांना चारा घालावा लागतो. हवा तापत चालली आहे तसे असे पाऊस वाढणार, म्हणून तिथली जुनी जंगलं शाबूत राहायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

दुपारी लाकडी झोपडीपाशी जाळ केला. उद्यानाच्या या भागात शेकोटी फक्त ठरवून दिलेल्या जागीच पेटवायची, सरपण उद्यानाकडूनच मिळतं. सॉसेज भाजायला लागताच कूक्केली आले. हे करड्या अंगाचे, तांबूस शेपटीचे पक्षी थंडीत स्थलांतर करत नाहीत. शरदात सालींच्या फटींत दडवलेल्या साठ्यावर ते हिवाळा काढतात. एक तर माझ्यापासून हातभरावरच्या फांदीवर येऊन बसला.

अशा रानात मुक्कामाच्या झोपड्यांचा एक जुना नियम आहे : जो शेवटी पोहोचतो त्याचा हक्क पहिला. आधी आलेल्यांनी जागा करून द्यायची, कारण दमून, गारठून उशिरा आलेल्याला दुसरा आसरा नसतो.

चारनंतर उजेड झपाट्यानं गेला आणि हेडलॅम्प लावून आम्ही पायथ्याला आलो. तिथे धुराची सावना, म्हणजे अंग तापवायची गरम खोली, आहे, चुलीला धुराडं नसलेली. तापून निघालं की जवळच्या न गोठलेल्या ओढ्यात उतरायचं. मी गळ्यापर्यंत उतरले. जायचं असेल तर मार्चअखेर निवडा. तेव्हा बर्फ खोल असतो आणि दिवसही बारा तासांच्या पुढे गेलेला असतो. रानात शिरताना मात्र ठसे वाचता येणारा गाइड बरोबर घ्या.