व्हर्च्युअल बॉय आणि गुनपेई योकोई

निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या अपयशांचा विषय निघाला की 1995 सालच्या ‘व्हर्च्युअल बॉय’ या डोळे लावून त्रिमितीय खेळ खेळायच्या यंत्राचे नाव हटकून घेतले जाते आणि त्याचे खापर ते घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांच्या माथी फोडले जाते. गेम बॉय हे हातात धरून खेळायचे गाजलेले यंत्र घडवणाऱ्या माणसाच्या कामाची अशी बोळवण मला मान्य नाही, कारण यंत्र आतून पाहिले तर त्यांच्या विचाराची दिशा स्पष्ट दिसते.

यातले दृश्यतंत्र अमेरिकेतल्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या कंपनीचे होते. प्रत्येक डोळ्यासाठी 224 तांबड्या एलईडींची एकच उभी ओळ आणि तिच्यासमोर सेकंदाला 50 वेळा थरथरणारा आरसा. आरशाच्या कोनाबरहुकूम दिवे लागत-विझत गेले की डोळ्याला 384 बाय 224 ठिपक्यांचे सलग चित्र दिसे. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे मिळत असल्याने त्या दृश्याला खोली, म्हणजे त्रिमितीचा भास, येई. तांबडा रंग निवडला तो स्वस्त आणि वीज कमी खाणारा म्हणून. निळे एलईडी तेव्हा फार महाग होते. रुळलेल्या, स्वस्त तंत्रातून नवे खेळणे काढायचे, ही योकोईंची जुनीच रीत होती.

घात झाला तो पुढे. डोक्यावर घालायचे म्हणून आखलेले यंत्र वजन आणि सुरक्षिततेच्या चिंतेपायी दोन पायांच्या स्टँडवर टेबलावर आले. मान वळवली तरी दृश्य वळत नसे, म्हणजे नावातला ‘व्हर्च्युअल’ हा शब्दच पोकळ ठरला. उलट वाकून बसल्याने मान अवघडे आणि डोळे दुखत. सात वर्षांखालील मुलांनी ते वापरू नये, असा इशारा खुद्द कंपनीनेच दिला होता. शिवाय त्याची खरी गंमत, ती खोली, मासिकातल्या छायाचित्रात किंवा टीव्हीवरच्या जाहिरातीत दाखवायची तरी कशी? जुलैमध्ये जपानमध्ये आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत, तिथे 179.95 डॉलरला, विक्रीस आलेले हे यंत्र वर्ष संपता संपता जपानमध्ये गुंडाळले गेले. एकूण खेळ निघाले 22, विक्री झाली सुमारे 7.7 लाखांची.

त्या 22 खेळांतला वारिओ लँड मात्र आवर्जून पाहावा. त्यात वारिओ हा खेळाचा नायक समोरच्या पातळीवरून उडी मारून थेट मागच्या पातळीवर जातो आणि तिथले शत्रू, तिथली नाणी हा खेळाचाच भाग असतो, त्यामुळे खोली नुसती शोभेला उरत नाही. असे आणखी काही खेळ आधीपासून तयार असते, तर या यंत्राला निदान रास्त संधी मिळाली असती.

योकोईंनी 1996 साली निन्टेन्डो सोडली आणि पुढच्याच वर्षी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.