घराशेजारची जमीन घ्यावी का?

आज घराला लागून असलेली मोकळी जमीन नीट फिरून पाहिली. मालक विकायला तयार आहेत, आणि माझं मन केव्हाच हो म्हणालंय. जवळची जमीन म्हणजे येता-जाता लक्ष राहतं, कोणी अतिक्रमण केलं तर लगेच कळतं. उद्या तिथे कोण काय बांधेल ही धास्तीही उरत नाही.

पण आज आकाराकडे लक्ष गेलं. १०० बाय १०० फुटांच्या तुकड्याला ४०० फूट कुंपण लागतं. तेवढंच क्षेत्रफळ २५ बाय ४०० च्या पट्टीत असेल तर ८५० फूट! ही जमीन अशीच लांबट आहे. शिवाय आत जायची वाट दुसऱ्याच्या हद्दीतून जाते. तो हक्क कागदावर नोंदलेला नसेल तर उद्या नवा मालक ती अडवू शकतो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

रिकामी जमीन भाडं देत नाही, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. बाबांना ती हवीच आहे, त्यांची ओढ मला कळते. तरी आधी मोजणी, मग वकिलाकडून कागदपत्रांची तपासणी, आणि एका मोठ्या पावसात पाणी कुठे साचतं ते बघायचं. तोवर इसार द्यायचा नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय.