आमची वाटचाल : एक कढई, दोन भागीदार आणि कागदांची पेटी

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमचा केळीच्या वेफर्सचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द आता शोभतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली एकच कढई होती. माझे सासरे, म्हणजे आप्पा, किसणी थेट तापलेल्या तेलावर धरून कच्च्या केळीच्या चकत्या पाडत आणि त्यांचे चुलतभाऊ नाना मोटारसायकलला पिशव्या अडकवून धरणगाव-अमळनेरपर्यंतच्या किराणा दुकानांत माल पोचवत. केळीच्या चिकाने काळे पडलेले आप्पांचे अंगठे कितीही तेल चोळले तरी कधी उजळले नाहीत.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर असल्याने वह्या आणि बिले माझ्याकडे आली. दरवर्षी हिशोब सीएंकडे जात, विवरणपत्रे मुदतीत भरली जात, त्यामुळे आपले सर्व काही कायद्याला धरून आहे अशी माझी ठाम समजूत होती. सीए आकडे तपासतात. करारात काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहून गेले आहे, हे पाहण्याचे काम त्यांना आम्ही कधी दिलेच नव्हते. हा फरक ध्यानात यायला एक बुडीत उधारी कामी आली.

जिल्ह्याबाहेरचा एक वितरक आमचा माल सलग चार वर्षे उचलत होता. आधी महिन्याने येणारे पैसे तीन महिन्यांनी येऊ लागले आणि शेवटी तीन लाख चाळीस हजार रुपये थकले. मध्ये त्याने दिलेला एक धनादेश न वटता परत आला. बँकेची चिठ्ठी जोडलेला तो धनादेश आप्पांनी देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला, कारण ‘‘जुना माणूस आहे, जाईल कुठे’’ हा त्यांचा हिशोब होता. मी वकिलांकडे गेले तेव्हा त्या चिठ्ठीला चार महिने उलटले होते. धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस आणि त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार, असा न वटलेल्या धनादेशाच्या तक्रारीचा क्रम असतो, आणि त्यातली पहिलीच मुदत आम्ही चुकवली होती. धनादेशाची स्वतःची तीन महिन्यांची मुदतही संपल्यामुळे तो पुन्हा बँकेत टाकण्याची सोय उरली नव्हती.

मग दिवाणी दावा करू, असे मी म्हणाले. वकीलसाहेबांनी भागीदारीपत्र मागितले. ते होते, मुद्रांक कागदावर होते, आप्पांची आणि नानांची सही होती, परंतु भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे पेढीची नोंदणी कधीच झालेली नव्हती. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी न केलेल्या पेढीला करारातून येणाऱ्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. त्या कलमात शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्याला मात्र सूट आहे; हे ऐकून मला त्या प्रसंगीही हसू आले. नोंदणी करून दावा लावायचा तर विकलेल्या मालाच्या पैशांसाठी तीन वर्षांची मुदत, आणि आमची नोंदणी होईपर्यंत शेवटची दोनच बिले त्या मुदतीत उरली. अखेर तडजोडीत सव्वा लाख हाती आले. वितरकाने मधल्या काळात बाकी मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले असते, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजता आली असती. ‘बाकी कबूल’ची अशी एक ओळ दरवर्षी मार्चअखेर सर्व वितरकांकडून घेण्याची पद्धत आम्ही तेव्हापासून पाळतो.

नोंदणीसाठी धावपळ सुरू झाली तेव्हा आप्पांचे म्हणणे एकच होते : ‘‘भाऊभाऊना व्यवहार, तठे कागद कसाले?’’ त्यांना मी उलट विचारले की सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, करार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो, त्यात धान्य किती आणि उचल किती हे पाच माणसांसमोर बोलले जाते, ते कशासाठी? आप्पा काही बोलले नाहीत, परंतु दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी त्यांनी आपण होऊन माझ्यासमोर आणून ठेवली. त्या वर्षापासून आखाजीची पाहुणे मंडळी गेली की एक दिवस वकीलसाहेब येतात आणि ती पेटी रिकामी करून एकेक कागद वाचतात. पहिल्या वर्षी त्यांनी जेवढी फी घेतली, त्याहून अधिक पैसे आम्ही दिवाळीच्या कॅलेंडरांवर घालवत होतो.

पहिल्याच तपासणीत निघालेली सर्वांत मोठी गोष्ट पैशांची नव्हती. आमचे भागीदार दोनच. भागीदाराच्या मृत्यूनंतरही पेढी चालू राहील असे कलम करारात घालता येते, पण दोघांपैकी एक गेल्यावर ते कलमही निरुपयोगी ठरते, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. म्हणजे पेढी मोडते, नवा पॅन, नवा जीएसटी क्रमांक, बँकेचे नवे खाते, आणि तेही घर दुःखात असताना. आप्पांचे वय तेव्हा अडुसष्ट. या विषयावर घरात तीन संध्याकाळी बोलणे झाले आणि नव्या करारात नानांचा मुलगा आणि मी असे दोन भागीदार वाढले. सुनेचे नाव पेढीवर आले याचे काही नातेवाइकांना नवल वाटले. नानांना वाटले नाही, इतके येथे नोंदवते.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची. आमच्या पाऊचवर नावाशेजारी वर्तुळातला ‘आर’ छापलेला होता. तो नोंदणीकृत व्यापारचिन्हालाच लावता येतो आणि आम्ही तर अर्जही केलेला नव्हता. डिझाइन करणाऱ्या मुलाने तो शोभेसाठी टाकला होता आणि मी प्रूफ पाहून सही केली होती. पाऊचसाठीच्या छापील प्लास्टिक फिल्मचे साडेतीनशे किलोचे रोल गोदामात पडून होते. ते बाजूला काढले, छपाईचा सिलिंडर बदलून घेतला आणि व्यापारचिन्हासाठी वर्ग २९ मध्ये (वेफर्ससारखे पदार्थ त्यात येतात) अर्ज केला. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असल्याने ऑनलाइन अर्जाचे शुल्क ९,००० ऐवजी ४,५०० रुपये पडले, परंतु वाया गेलेल्या फिल्मपुढे ती बचत काहीच नव्हती.

उद्यम क्रमांक आता प्रत्येक बिलावर असतो, कारण सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा मिळते. मोठ्या दुकानांचे लेखापाल आता मार्चमध्ये स्वतः फोन करून आमची बाकी विचारतात. उशिराच्या पैशांवर व्याज लावण्याच्या धमकीने जे झाले नाही ते करामुळे झाले, असे माझे निरीक्षण आहे.

बाकीची तपासणी अर्ध्या तासात उरकते : अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक पाऊचवर बरोबर छापला आहे का, वजनकाट्याची वार्षिक पडताळणी झाली का, किंमत आणि पॅकिंगचा महिना वाचता येतो का. हंगामात केळी सोलायला येणाऱ्या बायकांची मोजणी मात्र वकीलसाहेब स्वतः हजेरीपुस्तकावरून करतात. एकूण कामगार दहा किंवा अधिक झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि ‘त्या तर रोजंदारीच्या’ हे उत्तर तेथे चालत नाही. आमच्या समितीची अध्यक्ष पॅकिंगवरची एक ज्येष्ठ बाई आहे; पहिल्या बैठकीत तिने स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नसल्याचे सांगितले, आणि ती कडी त्याच दिवशी बसली.

यंदा वकीलसाहेबांच्या पेन्सिलीची चूक दाखवणारी खूण एकाच कागदावर पडली आहे. गोदामाचा अकरा महिन्यांचा करार आम्ही साध्या कागदावर करत आलो, अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही या समजुतीने. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी जागेच्या मालकावर आहे. मालक सुरतेला असतात. पुढच्या महिन्यात येतो, असे त्यांनी कळवले आहे. तोवर नव्या फिल्मचे रोल आम्ही अंगणातल्या त्याच जुन्या छपराखाली रचून ठेवले आहेत.