बसा ना, ताई

ओपीडीत आली तशी ती उभीच राहिली.

"बसा ना, ताई."

"बसाय येत असतं तर इथं कशाला आले असते, मॅडम?"

सासूबाई मात्र खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या.

वय ४१. ब्लाउज शिवायचं काम, दिवसाचे आठ-दहा तास मशीनवर. दुखणं चार वर्षांचं. पिशवीतून कागद निघाले: लघवीच्या तपासण्या, अँटिबायोटिकचे कोर्स, कमरेचा नॉर्मल एमआरआय, मूळव्याधीचं एक ऑपरेशन. त्यानं तसूभरही फरक पडला नव्हता. शेवटच्या चिठ्ठीवर झोपेची गोळी.

"कुठं दुखतं?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

तिनं सासूकडं पाहिलं. "कंबरंतच म्हणा."

सिस्टरनी केसपेपरचं निमित्त काढून सासूबाईंना बाहेर नेलं. दार लागलं, आणि मग ती सलग बोलली. उजव्या बाजूला, शौचाच्या जागेपासून पुढं लघवीच्या जागेपर्यंत तापली सळई धरल्यासारखं होतं. बसलं की वाढतं, आडवं झालं की निवळतं. दुखण्यानं झोपमोड कधी होत नाही. नवऱ्याला दोन वर्षं जवळ येऊ दिलेलं नाही.

"कमोडवर बसल्यावर दुखतं?"

ती चमकली. "तिथं न्हाई दुखत. तुम्हाला कसं कळलं?"

यात माझी हुशारी काही नाही. प्युडेंडल नसेचं दुखणं ओळखायचे 'नांत निकष' (नांत हे फ्रान्समधलं शहर) २००८ साली छापून आले, त्यांना धरूनच असले प्रश्न विचारायचे असतात. ही नस त्रिकास्थीतून निघते, बैठकीच्या हाडाच्या काट्याजवळ दोन लिगामेंटांमधून जाते आणि तिथंच चिमटते. कमोडला मध्ये पोकळी असते, म्हणून नसेवर दाब येत नाही. ही बाई तर मशीनवर मुलाची पोहायची रिंग घेऊन बसायची! निदान तिनं स्वतःच करून ठेवलं होतं म्हणायचं. 'प्युडेंडल' शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली लाज आहे. म्हणजे नाव ठेवणारेही 'खाली'च म्हणत होते.

आधी नुसता ब्लॉक दिला, म्हणजे नसेजवळ इंजेक्शन: सुन्न करणारं औषध आणि थोडं स्टिरॉइड. त्याच संध्याकाळी ती लाकडी बाकावर बसून चहा प्यायली. निदान पक्कं झालं, पण आराम तीन आठवडेच टिकला. म्हणून पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईतून नसेला विजेच्या लहरी द्यायचं ठरलं.

त्या दिवशी तिला पालथं झोपवलं. भूल फक्त कातडीपुरती, कारण तिनं बोलत राहणं गरजेचं होतं. सी-आर्मच्या, म्हणजे चालत्या एक्स-रे मशीनच्या पडद्यावर तो हाडाचा काटा दिसेपर्यंत मशीनचा कोन बदलत राहिले. सुई नितंबातून त्याच्या टोकाशी नेली आणि ५० हर्ट्झचा अगदी हलका करंट सोडला. काही नाही. सुई दोन मिलिमीटर मागं, किंचित मधल्या रेषेकडं.

"सापडलं बघा!" ती ओरडली. "हितंच! हेच त्ये!"

हरवलेली सुई धुणं झटकताना सापडावी, असा आवाज. टेक्निशियन हसला. खरं सांगते, माझे हात क्षणभर थांबले. चार वर्षांत तिच्या दुखण्यावर कुणी नेमकं बोट ठेवलं नव्हतं. मग १२० सेकंदांच्या दोन फेऱ्या, तापमान ४२ अंशांच्या आत. यात नस जाळत नाहीत, विजेच्या तुटक लहरींनी तिचा चढलेला सूर उतरवतात. सगळं मिळून अर्धा तास, टाका एकही नाही.

तीन महिन्यांनी तिचं दुखणं दहापैकी आठवरून तीनवर आलं होतं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी चालू आहे, दर पाऊण तासाला मशीनवरून उठायचं आहे. परिणाम ओसरला तर पुन्हा करावं लागेल, हे तिला सांगून ठेवलंय. रिंग अजून पिशवीत असते.

त्या दिवशी थिएटरबाहेर आले तर सासूबाई दारातच उभ्या.

"मॅडम, नेमकं काय दुखत हुतं ओ तिला?"

गुपित तिचं, ते सांगायचा हक्क मला नव्हता. पण शब्दही पटकन सापडला नाही.

"कमरेची नस होती, मावशी," मी म्हणाले.