रेन्वारचे हात

फ्रेंच चित्रकार ऑगस्ट रेन्वार म्हटलं की लोकांना त्याची चित्रं आठवतात. मी बेळगावातल्या शहापुरात फोटो स्टुडिओ चालवतो, त्यामुळे माझं लक्ष आधी त्याच्या फोटोंकडे गेलं.

१८९५चा एक फोटो एदगार दगानं काढलाय, म्हणजे चित्रकारानंच चित्रकाराचा. रेन्वार बसलेला, शेजारी कवी मालार्मे उभा, मागे आरसा आणि आरशात दगाचा कॅमेरासुद्धा. उजेड फक्त दिव्यांचा. एक्स्पोजर लांबलचक, आणि तेवढा वेळ दोघं हलले नाहीत! गिऱ्हाईकाला दोन सेकंद स्थिर बसवणं किती अवघड असतं ते मला विचारा.

तोवर रेन्वार बराच फिरून आला होता. १८८१ साली अल्जीरिया, मग इटली. १८८२च्या जानेवारीत पालेर्मोला संगीतकार वाग्नरनं जेमतेम ३५ मिनिटं दिली, तेवढ्यात रेन्वारनं त्याचं पोर्ट्रेट केलं.

पण मी अडकतो ते शेवटच्या काळातल्या फोटोंपाशी. दक्षिण फ्रान्समधलं कान्य गाव, चाकांची खुर्ची, डोक्यावर टोपी. संधिवातानं बोटं तळव्यात वळलेली, हातांना कापडाच्या पट्ट्या. ब्रश हाताला बांधायचे असं सर्रास लिहितात, ते बरोबर नाही. ब्रश दुसरं कुणीतरी बोटांत अडकवून द्यायचं. पट्ट्या होत्या त्या कातडी सोलवटू नये म्हणून. १९१५ साली साशा गित्री या फ्रेंच नाटककारानं त्याचं चित्रीकरण केलं, त्यात धाकटा मुलगा क्लोद जवळ उभा राहून ब्रश देताना दिसतो.

माझ्या काकूला हाच आजार होता. वडगावातलं मागवाल्यांचं, म्हणजे विणकरांचं घर, जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. शेवटी अंगठा आणि मधलं बोट एवढीच कामाची राहिली. सुताचं टोक ती त्या दोघांत धरायची, तुटलं तर एक टोक दातांत पकडून गाठ मारायची. म्हणून रेन्वारचे हात बघताना मला त्याची कीव येत नाही. मी पकड बघतो. ब्रश कुठं टेकलाय, मनगट फिरतंय की कोपर. मोठ्या चित्रासाठी त्यानं कॅनव्हास रुळांवर गुंडाळून वरखाली करायची सोय केली होती, मागावर विणलेलं कापड गुंडाळत जातं तशीच. दीड मीटरहून रुंद असं न्हाणाऱ्या बायकांचं चित्र त्यानं १९१८-१९मध्ये रंगवलं, आणि १९१९च्या डिसेंबरात तो गेला. त्या चित्रात दुखण्याचा मागमूस नाही. ते दुखणं कळतं फोटोंमुळे.

आता मी वडगाव-खासबागेत कामातल्या हातांचे फोटो काढायला घेतलेत. बायका म्हणतात, "थांबा, साडी तरी बदलून येते की." मी म्हणतो, "नको मावशी, आहे तशाच बसा." तुमच्या घरी कुणी अजून मागावर बसत असेल, कांड्या भरत असेल, तर कळवा. कॅमेरा घेऊन मीच येईन, पैसे घेणार नाही.