मातीखालच्या शेगड्या

अमेरिकेच्या पाच सेंटांच्या नाण्यावर जे घुमटाचे घर दिसते, ते व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवरचे माँटिसेलो. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे हे घर पाहायला येणारे बहुतेक जण घुमटाखालच्या दालनांत रमतात. मी मात्र बराच वेळ मुख्य घरापासून सुट्या बांधलेल्या एका लहानशा विटांच्या इमारतीच्या तळघरात घालवला.

साउथ पॅव्हिलियन नावाची ही इमारत १७७०मध्ये, मोठ्या घराच्याही आधी उभी राहिली. लग्न झाल्यावर १७७२च्या हिवाळ्यात जेफरसन आणि मार्था इथेच राहायला आले. वर राहण्याची एकच खोली आणि खाली स्वयंपाकघर. व्हर्जिनियातील मोठ्या मळ्यांवर स्वयंपाकघर घरापासून तोडून बांधण्याची रीतच होती. आगीची भीती, उन्हाळ्यातला उकाडा आणि वास ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे खरीच आहेत. पण रांधणारी माणसे गुलाम होती आणि ती पाहुण्यांच्या नजरेआड राहिलेली बरी, हा हिशेबही त्यात होताच.

१८०९च्या सुमारास नवे स्वयंपाकघर तयार झाले, तेव्हा या तळघरात मातीची भर घालून जमीन उंच करण्यात आली आणि जुनी चूल त्याखाली गेली. २०१७मध्ये पुरातत्त्वज्ञांनी ही भर थराथराने उपसली, तेव्हा मूळ विटांची जमीन, चुलीचे अवशेष आणि चार ‘स्ट्यू स्टोव्हां’ची जोती उघडी पडली. स्ट्यू स्टोव्ह म्हणजे कमरेइतका उंच विटांचा ओटा, ज्याच्या खणांत निखारे घालून वर भांडे ठेवायचे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ही बांधीव शेगडीच. मोठ्या जाळावर मांस भाजता येते, पण फ्रेंच पद्धतीचा मऊसूत सॉस आटवायला मंद आच हवी. आमच्या आजीने आमटी चुलीवरून काढून वैलावर सरकवावी, त्यातलाच हा प्रकार. त्या काळच्या अमेरिकेत अशा शेगड्या श्रीमंतांच्याच घरी असत.

या स्वयंपाकघरात अर्सुला ग्रेंजर राबली. तिला जेफरसन यांनी १७७३मध्ये मार्थाच्या आग्रहावरून विकत घेतले होते. पुढे इथे जेम्स हेमिंग्ज आला. १७८४मध्ये जेफरसन त्याला पॅरिसला घेऊन गेले आणि तिथे तो पाककला शिकला. फ्रान्समध्ये त्याला कायद्याने स्वातंत्र्य मागता आले असते, तरी तो परतला. १७९३मध्ये जेफरसन यांनी लिहून दिले, की माँटिसेलोत दुसऱ्या कोणाला तरी तयार करशील तर तुला मुक्त करीन. जेम्सने धाकट्या भावाला, पीटरला, शिकवले. म्हणजे स्वतः सुटण्यासाठी त्याला आपलाच भाऊ त्या शेगडीपाशी उभा करावा लागला. जेफरसन यांचे मोठेपण सांगताना हा करार ओझरता उल्लेखून पुढे जाणे मला जमत नाही.

फेब्रुवारी १७९६मध्ये जेम्स मुक्त झाला आणि १८०१मध्ये वारलाही. निघण्यापूर्वी त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी स्वतःच्या वळणदार अक्षरात करून ठेवली, आणि ती आजही जपलेली आहे. तिच्या सुरुवातीलाच तांब्याची पातेली आहेत: पातेली १९, झाकणे १९.