फर्दापूरच्या सराईतली दुपार

आमची दिंडी लहान. रथ नाही, बैलजोडी नाही. एक वीणा, दोन पखवाज, जमतील तेवढे टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया आणि सामानाचा एक टेम्पो. देहू-आळंदीकडचे लोक अजून पेरणीच्या विचारात असतात तेव्हा आम्ही खानदेशातले रस्त्याला लागलेले असतो. ज्येष्ठातलं ऊन, नेरी, पहूर, काकडा, चहा, चालणं, हरिपाठ, भाकरी, झोप. कोणत्या दिवशी कुठे होतो ते विचारू नका. एका मुक्कामी महाराजांनी मुक्ताईच्या ताटीच्या प्रसंगावर असं निरूपण केलं की बायाच काय, बापईही डोळे टिपत होते. पण ते गाव कोणतं, हे मला आज सांगता येत नाही.

वाकोद ते फर्दापूर मात्र पावलापावलाने आठवतं. आदल्या रात्री पहिला वळीव झाला होता आणि राहुटीच्या कडेला ठेवलेले बूट चिंब झाले होते. सकाळी तेच घातले. दहानंतर ऊन असं तापलं की सिमेंटचा रस्ता खालून भाजायला लागला. हा रस्ता चांगला झालाय म्हणतात. ज्यांच्या बुडाखाली गाडी आहे त्यांच्यासाठी झाला असेल. डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड, उजव्या करंगळीखाली दुसरा. दिंडीप्रमुखांनी गाडीची काच खाली करून "नामात राहा माउली, दुखणं जाणवत नाही" असं सांगितलं आणि काच वर केली. मी नामात होतोच. पण दर चौथ्या पावलाला नामाच्या मध्ये एक शिवी येत होती, आणि मला वाटतं त्या दुपारी पांडुरंगाने दोन्ही ऐकून घेतलं.

फर्दापूरला पोचेपर्यंत मी एकटा मागे पडलो होतो. टाळांचा आवाज पुढे गेला, मग तोही येईना. समोर अजिंठ्याचा डोंगर, पायथ्याला सागाचं रान, आणि अलीकडे जुन्या सराईचा दगडी दरवाजा. त्याच्या सावलीत एक म्हातारे चाचा गारगोट्या मांडून बसले होते. पांढरे, हिरवट, जांभळे स्फटिक. अर्धे फोडलेले दगड, बाहेरून मातकट आणि आत चकाकणारे. लेणी बघायला येणाऱ्यांसाठीचा हा माल. जूनमध्ये त्याला गिऱ्हाईक नसतं.

"माउली, असं चाललात तर पंढरपूर नाही, दवाखाना गाठाल," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. त्यांनी बूट काढायला लावले, टाच बघितली आणि नातवाला हाक मारून घरातून सुई-दोरा मागवला. काडी पेटवून सुईचं टोक तापवलं. मग दोरा ओवून सुई फोडाच्या एका कडेने घातली आणि दुसऱ्या कडेने बाहेर काढली. कातडी अजिबात सोलली नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं बोटभर ठेवून कात्रीने कापली. दोऱ्यावरून पाणी थेंबाथेंबाने उतरायला लागलं. वरून खोबरेल आणि हळद. "दोरा ओढू नका. सुटायचा तेव्हा सुटेल." हा उपाय आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक आहे, पण आमचे म्हातारे माझ्यापेक्षा भराभर चालतात.

हे चालू असताना चाचा मला एक जांभळा दगड विकतही होते. आधी 200, मग 150, मग "वारकरी म्हणून 100". मला राग आला. ज्याच्या मांडीवर आपला पाय आहे त्याच्यावर रागावणं अवघड असतं, तरी आला. अजून सगळा मराठवाडा तुडवायचाय, पाठीवर दगड घेऊन कोण चालेल? ते म्हणाले, "लोक डोक्यावर तुळस नेतात की." यावर मला काही सुचलं नाही. दुसऱ्या पायाचा फोड त्यांनी दगडाचं नाव न काढता काढला.

पाय पसरून तिथेच तासभर पडलो. वर दगडी कमान, तिच्या सांध्यांतून उगवलेली पिंपळाची रोपं. सराई औरंगजेबाच्या काळातली. बुऱ्हाणपूरहून औरंगाबादेला जाणारा मुघलांचा रस्ता इथूनच घाट चढायचा. मागे तापीकाठचा मोकळा मुलूख, पुढे रान आणि चढ. उन्हं कलल्यावर घाटात कोण शिरणार? बैल सोडायचे, रात्र पायथ्याला काढायची. अशा सराईचा नमुना ठरलेला असे: चौकोनी आवार, कडेने ओवऱ्या, पाणी, नमाजाची जागा आणि रात्री बंद होणारा दरवाजा. मनुची नावाच्या इटालियन प्रवाशाने त्या काळच्या सराया बघून लिहून ठेवलंय की सकाळी दरवाजा उघडण्याआधी राखणदार तीनदा ओरडून सांगायचा, आपापलं सामान तपासा. कुणाचं काही हरवलं असेल तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडतच नसे. आमच्या दिंडीला असा माणूस हवा. एका मुक्कामाला माझा पितळी तांब्या गेला. विचारलं तर सगळे म्हणाले, "माउली, सोडून द्या, त्याचीच इच्छा." पांडुरंगाला माझ्या तांब्याचं काय काम?

चाचांच्या गप्पांत बादशहा नव्हता, हद्द होती. 1948 पर्यंत फर्दापूर निजामाचं आणि वाकोद 1947 पर्यंत इंग्रजांच्या खानदेशातलं. हैदराबाद संस्थानाची जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. म्हणजे आमचे आजे-पणजे सकाळचा काकडा एका राज्यात करून दुपारची भाकरी दुसऱ्या राज्यात सोडत होते, पताका तीच, अभंग तेच. घरी यातलं कुणी काही सांगितल्याचं आठवत नाही. आमच्या आजोबांच्या वारीच्या गोष्टींत फक्त पाऊस आणि पिठलं असायचं.

इथे उतरणारे पाहुणे मधल्या काळात बदलले. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा मद्रासकडच्या फौजेतला अधिकारी शिकारीला आला आणि वाघूर नदीच्या वळणावरची लेणी त्याला दिसली. 1909 पासून लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार तिथल्या चित्रांच्या नकला करायला आल्या, त्यांच्या मदतीला बंगालचे चित्रकार नंदलाल बोस होते, तळ फर्दापूरला. आता लेण्यांच्या बसगाड्या इथूनच सुटतात. आमच्या दिंडीतलं कुणी तिकडे गेल्याचं मी पाहिलेलं नाही. मी मात्र पडल्या पडल्या त्या भिक्खूंचाच विचार करत होतो. पावसाळ्यात त्यांचं हिंडणं बंद. कोवळं गवत आणि किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून एका जागी वर्षावास. आणि आम्ही नेमके पाऊस सुरू होताना घर सोडतो. त्या दुपारी मला भिक्खूंचं पटत होतं.

उठताना पैसे देऊ केले, चाचांनी घेतले नाहीत. चहाचे मी दिले. दगड घेतला नाही, त्यावर ते जरा खट्टू झाले, आणि मीही लंगडत निघताना मागे वळून बघायचं टाळलं.

पहाटे घाट. धुकं इतकं की पुढच्या पताकेचा नुसता दांडा दिसत होता. दुसऱ्या वळणावर पाऊस आला, पखवाजावर प्लास्टिक चढलं, त्यामुळे नुसते टाळ राहिले, आणि एका आजींनी गौळण धरली. आवाज फाटलेला, चाल चुकलेली. मला एकदम रडू आलं. पायाचं नव्हे. पाऊस होता म्हणून बरं.

अजिंठ्याला पोहे. सिल्लोड. दोरा तिथेच कुठेतरी गळून पडला. छत्रपती संभाजीनगरला वाहतुकीत तीन तास. पैठणला नाथांचं दर्शन, गोदावरीत पाय बुडवले. परांड्याकडे चिखल. वाखरीत दिंडी हरवली आणि सापडली.

पंढरपुरात धर्मशाळांना तोटा नाही, जागेला आहे. गाडगेबाबांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा इथलीच. ज्यांना इतरांच्या ओट्यावरही कुणी बसू देत नव्हतं, त्यांच्यासाठी बाबांनी ती उभी केली आणि 1949 मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. आमची सोय एका मठाच्या पडवीत होती, माणसाला दीड हात. शेजारच्या परभणीच्या गड्याने माझ्या पिशवीवर पाय टाकले. मी काढायला सांगितले. तो म्हणाला, "माउली, वारीत तुझं-माझं नसतं." मी म्हटलं, "तांब्या गेल्यापासून माझ्यात असतं." तो हसला, पाय आखडून घेतले, आणि पहाटे तीनला त्यानेच मला हलवून उठवलं, गर्दी व्हायच्या आत चंद्रभागेला चला म्हणून.